साहेबांनी तारीख सांगितली आणि मी मान डोलावली

आमचे साहेब बोलायला लागले की हातातलं काम आपोआप थांबतं. आवाज मोठा नाही, शब्द जड नाहीत. पण समोरच्या माणसाला वाटतं, हे माझ्याशीच बोलतायत. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी सगळ्या शॉपला, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या माणसांना, असेंब्लीच्या मोकळ्या जागेत बोलावलं. कमी वीज खाणारा नवा पंप आपण बनवतोय, जुन्या मॉडेलच्या जागी तो येणार, आणि 12 आठवड्यांत पहिले 40 पंप ग्राहकाकडे जाणार, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या वाजल्या. जुन्या मॉडेलची तीच ती दुरुस्ती करून कंटाळलेले फिटर एकमेकांकडे बघून हसले. साहेबांनी शेवटी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली.

मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. साहेब लीडर, मी मॅनेजर, आणि ही गोष्ट त्या दोघांच्या कामातल्या फरकाची. तेव्हाही तेच बघत होते. त्या क्षणी माझ्या डायरीत काय होतं ते मला आजही आठवतं. नव्या केसिंगचा, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचा, पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना), 4 आठवडे. पहिलं कास्टिंग (ओतकाम), फेटलिंग (ओतलेल्या भागाची साफसफाई), ट्रायल मशिनिंग, 3 आठवडे. त्यात निघणाऱ्या दुरुस्त्या, 2 आठवडे. टेस्ट बेडवर (पंप चालवून तपासतात त्या जागी) सलग 500 तासांची चाचणी, म्हणजे पंप रात्रंदिवस चालवला तरी 21 दिवस, 3 आठवडे. मग 40 पंपांची बॅच, 6 आठवडे. बेरीज 18.

साहेब म्हणाले 12. माझ्याकडे होते 18. मी मान डोलावली.

त्यांनी मला आधी विचारलं नव्हतं, ही त्यांची चूक. पण आकडा माझ्याकडे होता, त्यांच्याकडे नव्हता. म्हणून या दोन चुकांपैकी मोठी माझी, असं मी तेव्हापासून मानत आलेय. भर सभेत उभं राहून टाळ्या थांबवाव्यात असं माझं म्हणणं नाही. पण त्याच दुपारी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ते पान समोर ठेवायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी गेले नाही. मला वाटलं, सगळे इतके उत्साहात आहेत, त्यात आपण कशाला मोडता घालायचा.

मग मी जे केलं, ते आमच्या खात्यातला प्रत्येक माणूस कधी ना कधी करतो. मी तारखेवरून उलटा प्लॅन बसवला. शेवटचा दिवस पक्का धरायचा आणि मागे येत येत प्रत्येक टप्प्याला जेवढा वेळ उरेल तेवढा द्यायचा. पॅटर्नचा वेळ कमी करता येत नव्हता, कारण ते काम बाहेरचं. मशिनिंग ओव्हरटाइमवर टाकलं. बॅचची कास्टिंग चाचणी संपायच्या आधीच मागवली. आणि 500 तासांची चाचणी 72 तासांवर आणली. कागदावर 12 आठवडे झाले, आणि तो कागद फार सुबक दिसत होता.

टेस्ट बेडवरच्या दादांनी मला विचारलं होतं, "ताई, 72 तासांत काय कळणार?" मी म्हणाले, "डिझाइन चांगलं आहे." डिझाइनचं ज्ञान मला नव्हतं. ते माझं कामही नव्हतं.

पंप वेळेवर गेले. पुढच्या 2 महिन्यांत 40 पैकी 11 परत आले, सगळ्यांची तक्रार एकच, सील गळतंय. उघडून पाहिल्यावर कारण साधं निघालं. पंप सतत चालला की बेअरिंग हाउसिंग अपेक्षेपेक्षा जास्त तापायचं, शाफ्ट किंचित लांबायचा आणि मेकॅनिकल सीलच्या एकमेकांवर घासणाऱ्या दोन तोंडांवर दाब सारखा राहायचा नाही. तोंडं लवकर झिजायची. पहिले दीडशे तास काहीच कळायचं नाही, त्यानंतर थेंब थेंब सुरू व्हायचं. आम्ही 72 तासांनी बटण बंद करून पंपाला पास केलं होतं.

हे सगळं सांगायचं कारण त्यानंतरचे दोन दिवस.

साहेबांनी सर्वांत आधी शॉपला पुन्हा त्याच जागी बोलावलं आणि सांगितलं, "तारीख मी दिली होती. असेंब्लीची चूक नाही, टेस्टिंगची नाही." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला ते नको होतं, मी हात वर करून म्हणाले की चाचणी मी कमी केली. ते म्हणाले, "ते आपण आत बोलू." आणि विषय बदलला. फिटर मंडळींच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला समोर दिसत होतं. त्या दिवसापर्यंत मला लीडरशिप म्हणजे चांगलं भाषण वाटायचं.

मग त्यांनी राहिलेले 29 पंपही परत मागवायचं ठरवलं आणि प्रत्येक ग्राहकाला स्वतः फोन करायला बसले. मला म्हणाले, शेजारी बसा. माझ्यापुढे 40 सीरियल नंबरांची यादी, कोणता पंप कुठे बसलाय, कुठे पर्यायी पंप आहे, कुठे पंप थांबला तर सगळंच थांबतं. नवीन सील कधी येणार, दिवसाला किती पंप उघडून बांधता येतील. फोनवर ते माफी मागायचे, काय बिघडलंय ते न लपवता सांगायचे, आणि पलीकडून प्रश्न यायचा, "मग दुरुस्त होऊन कधी मिळणार?" त्या वेळी ते रिसीव्हरवर तळहात ठेवायचे आणि माझ्या कागदाकडे बघायचे. मी पेन्सिलने तारखेवर टिंब द्यायचे. मग तेवढीच तारीख ते फोनवर सांगायचे, एक दिवसही अलीकडची नाही. एका ग्राहकाने फार आवाज चढवला, तेव्हाही त्यांनी तळहात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. ते फोनवर म्हणाले, "नाही जमणार, तुम्हाला पुन्हा खोटी तारीख देणार नाही."

लीडर आणि मॅनेजर यांच्यात फरक काय, असं मला कोणी विचारलं की मला तो रिसीव्हरवरचा तळहात आठवतो. फोन करण्याची हिंमत त्यांची. मी तो फोन करूच शकले नसते, माझा आवाज पहिल्याच वाक्यात कापला असता. आणि तारीख माझी. दोन्ही एका फोनमध्ये होतं म्हणून तो फोन खरा ठरला. त्या 40 पंपांच्या ग्राहकांपैकी एकानेही आम्हाला सोडलं नाही.

या विषयावर मी नंतर बरंच वाचलं. मराठीत थोडी अडचण होते, कारण 'नेता' म्हटलं की डोळ्यांपुढे व्यासपीठ येतं आणि 'व्यवस्थापक' म्हटलं की अर्जाखालची सही. म्हणून मी लीडर आणि मॅनेजर हेच शब्द वापरते, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. हार्वर्डचे प्राध्यापक अब्राहम झालेझ्निक यांनी 1977 साली मांडलं की ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं असतात: मॅनेजरला सुव्यवस्था हवी असते, प्रश्न लवकर मिटवायचा असतो, लीडर गोंधळ सहन करतो, उत्तर लांबवू शकतो. 1990 मध्ये हार्वर्डच्याच जॉन कॉटर यांनी ते वेगळ्या पद्धतीने सांगितलं. मॅनेजमेंट म्हणजे गुंतागुंतीला तोंड देणं, लीडरशिप म्हणजे बदलाला तोंड देणं, आणि कंपनीला दोन्ही लागतात. मला कॉटर यांचं पटतं. माझं रोजचं काम गुंतागुंतच आहे: 300 भाग, 20 पुरवठादार, 3 शिफ्ट. साहेबांचं रोजचं काम म्हणजे, हे 300 भाग दोन वर्षांनी कोणी विकत घेईल का.

झालेझ्निक यांची स्वभावाची विभागणी मात्र मला पुरती पटत नाही. मॅनेजमेंटचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनीही लीडर आणि मॅनेजर अशी फाळणी करण्यावर आक्षेप घेतला आहे, आणि माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. आमचे टेस्ट बेडवरचे दादा कोणाचेच साहेब नाहीत, पण "72 तासांत काय कळणार" हा त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत लीडरसारखा प्रश्न त्यांनी विचारला होता.

या विषयावरच्या लेखनात एक गोष्ट मला खुपते, ती म्हणजे मॅनेजरला कमी लेखण्याची सवय. लीडर स्वप्न बघतो, मॅनेजर फाइल बघतो. लीडर प्रेरणा देतो, मॅनेजर हजेरी घेतो. असे तक्ते सगळीकडे फिरतात. ज्यांनी एकदा तरी 40 लोकांचं महिन्याचं शेड्यूल लावलंय त्यांना विचारा. कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून त्याला रात्रपाळी द्यायची नाही, कोणते दोघे एका मशिनवर नकोत, कोणाला नवीन काम शिकायची इच्छा आहे, हे सगळं त्या शेड्यूलमध्ये असतं. ते कोणाला दिसत नाही इतकंच.

गूगलच्या संस्थापकांनी 2002 च्या सुमारास इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढूनच टाकून पाहिले होते. इंजिनिअर मोकळे राहतील, कल्पना सुचतील, अशी अपेक्षा होती. झालं असं की खर्चाच्या मंजुरीपासून आपापसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट लॅरी पेज यांच्याकडे येऊ लागलं. काही महिन्यांत तो प्रयोग संपला. पुढे त्याच कंपनीने आपल्याच लोकांची माहिती तपासून चांगला मॅनेजर काय करतो ते शोधलं. पहिल्या यादीत आठ गोष्टी निघाल्या, सर्वांत वर होतं चांगला कोच असणं, आणि तांत्रिक कौशल्य आठवं.

पण जी जोडी मी पुन्हा पुन्हा वाचते ती होंडा कंपनीची. सोइचिरो होंडा यांनी 1948 मध्ये कंपनी काढली. ते अस्सल मशिनवाले, इंजिनातच जीव. ताकेओ फुजिसावा 1949 मध्ये आले आणि पैसा, विक्री, कारभार त्यांनी हातात घेतला. होंडांनी कारभारात लुडबुड करायची नाही, फुजिसावांनी इंजिनात. 1958 मध्ये आलेली सुपर कब ही छोटी दुचाकी दोघांची: कशी गाडी लोक विकत घेतील याचा आग्रह फुजिसावांचा, ती बनवली होंडांनी. 2017 पर्यंत त्या गाडीचं एकूण उत्पादन 10 कोटींवर गेलं.

मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस होंडा हट्टाला पेटले होते की मोटारीचं इंजिन हवेनेच थंड व्हायला हवं. धुराचे कडक नियम येणार हे दिसत होतं आणि तरुण इंजिनिअरांचं मत होतं की पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाशिवाय ते पाळता येणार नाहीत. पण होंडांपुढे बोलणार कोण? ते इंजिनिअर फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी होंडांशी इंजिनावर वाद घातलाच नाही. त्यांनी एवढंच विचारलं की तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? होंडा म्हणाले, अध्यक्ष म्हणूनच राहायला हवं. मग पाण्याच्या इंजिनाला परवानगी मिळाली. 1972 मध्ये सिव्हिक आली ती पाण्याने थंड होणारं इंजिन घेऊन. 1973 मध्ये दोघे एकाच वेळी निवृत्त झाले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्या दुपारी केबिनमध्ये जाऊन मला साहेबांशी तारखेवर भांडायचं नव्हतंच. एक प्रश्न विचारायचा होता. 12 आठवडे महत्त्वाचे की 500 तास? साहेबांना ओळखते म्हणून सांगते, त्यांनी 500 तास निवडले असते. निवड त्यांचीच होती आणि ती मी त्यांना न सांगता परस्पर करून टाकली होती. आज्ञा पाळतेय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी त्यांच्या हातातला निर्णय काढून घेतला होता.

त्या प्रकरणानंतर आम्ही दर सोमवारी सकाळी अर्धा तास बसायला लागलो. दार बंद, दोघेच. मध्ये एक कोरा कागद, उभी रेघ मारलेली. डावीकडे साहेब लिहितात, काय हवंय आणि का हवंय. 'का' लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, कारण पुढे तीन शिफ्टच्या माणसांना ते मला सांगायचं असतं. उजवीकडे मी लिहिते, त्यासाठी काय सोडावं लागेल. किती दिवस लागतील हे मी आधी लिहीत असे. पण 'दिवस' लिहिले की कमी करा म्हणता येतं. 'काय सोडायचं' लिहिलं की निवड करावी लागते. दोन नंबरचं मशिन नव्या कामाला द्यायचं तर स्पेअरच्या ऑर्डरी तीन आठवडे मागे जातील. चालेल? चालेल म्हटलं तर साहेब त्या ओळीवर सही करतात. नाही म्हटलं तर डावीकडची ओळ खोडतात.

सुरुवातीला ते अर्धे तास फार कठीण गेले. साहेबांना वाटायचं मी प्रत्येक गोष्टीला खो घालतेय. मला वाटायचं यांना आकडे ऐकायचेच नाहीत. एकदा ते चिडून म्हणाले, "तुम्हाला विचारत बसलो असतो तर ही कंपनीच निघाली नसती." मी म्हणाले, "खरंय. आणि मी नसते तर ती 40 पंपांच्या वेळीच बंद पडली असती." दोघेही गप्प बसलो. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि एक ओळ खोडली. ते वाक्य त्यांच्या बाजूने खरं होतं आणि माझं माझ्या बाजूने. दार उघडून बाहेर आलो की मात्र ठरलेली गोष्ट एकच असते, आणि ती दोघेही एकाच शब्दांत सांगतो. आत मी हरले असले तरी.

सगळं जमून आलं असं वाटायला लागलं, तेव्हा साहेब आजारी पडले. 4 महिने ते येऊ शकले नाहीत आणि मला सांगितलं गेलं, तुम्ही सांभाळा.

मी सांभाळलं. वेळेवर डिस्पॅच 96 टक्क्यांवर गेला, तोपर्यंतचा सर्वांत चांगला आकडा. रिवर्क, म्हणजे चुकलेलं काम पुन्हा करणं, कमी झाला. स्टॉक कमी झाला. मला मनातून फार बरं वाटत होतं. तिसऱ्या महिन्यात एका चांगल्या मशिनिस्टने राजीनामा दिला, पाठोपाठ दुसऱ्याने. पगाराची तक्रार नाही, माझ्याबद्दल तक्रार नाही. मी खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, काम छान चाललंय. पण कुठे चाललंय ते कळत नाही."

संध्याकाळी मी शॉपमधली सूचनांची वही काढली. साहेब असताना त्यात आठवड्याला दोन-चार तरी नोंदी असायच्या, कोणी जिग (भाग धरून ठेवायचं साधन) सुधारायचं चित्र काढायचं, कोणी कास्टिंगची जागा बदला म्हणायचं. शेवटची नोंद सात आठवड्यांपूर्वीची होती. माझ्या चार्टवर ते कुठेच दिसत नव्हतं, कारण 'काय सुचलं नाही' याचा रकाना चार्टवर नसतो. सोमवारचा कागद मी एकटीच भरत होते, आणि डावी बाजू तीन महिने कोरी होती. उजव्या बाजूला मी माझ्याच कामांची यादी लिहीत होते.

मी साहेबांना फोन केला. तब्येतीची चौकशी झाल्यावर विचारलं, "डावीकडे काय लिहू?" ते थकलेले होते, थांबून थांबून बोलत होते. म्हणाले, "मला नका विचारू. दादांना विचारा, टेस्ट बेडवर काय दिसतंय ते." दादांना विचारलं. ते जवळजवळ तासभर बोलले. कोणत्या साइटवरून पंप कसे घासून येतात, लोक चुकीच्या दाबावर का चालवतात, त्यांना नक्की काय हवं असतं. ही माहिती त्यांच्याकडे कित्येक वर्षं होती. मी त्यांच्याशी बोलायचे ते फक्त बेड कधी रिकामा होणार यापुरतं. त्या तासाभरातून डावीकडची पहिली ओळ निघाली, माझ्या हाताने लिहिलेली पहिली. लिहिताना हात अवघडत होता. 'का' च्या पुढे काय लिहावं यात माझा अख्खा रविवार गेला.

त्या ओळीतूनच आमचं सध्याचं मॉडेल सुरू झालं. साहेब परतले तेव्हा मी 96 टक्क्यांचा चार्ट समोर ठेवला, त्यांनी तो नीट पाहिला, छान म्हणाले, आणि विचारलं, "दादा काय म्हणाले?"

गेल्या महिन्यात त्यांनी पुन्हा सगळ्या शॉपला असेंब्लीच्या त्याच जागी बोलावलं. नवा पंप काय करणार आहे ते सांगितलं, कोणासाठी करणार आहे ते सांगितलं. आवाज आता पूर्वीपेक्षा बारीक झालाय, तरी मागच्या ओळीतली माणसं पुढे सरकली. तारखेपाशी आले तेव्हा ते थांबले आणि गर्दीत मी कुठे उभी आहे ते शोधू लागले. आकडा त्यांना पाठ होता, सोमवारीच त्यावर सही झाली होती. तरी थांबले. मी मान डोलावली.

"26 आठवडे," ते म्हणाले.

मागून दादांनी विचारलं, "चाचणी धरून?"

"500 तास धरून."